दुसरी एनव्हीएमई लावली आणि ग्राफिक कार्ड 'एक्स ८ ३.०' दाखवतंय, एसएसडीने लेन खाल्ल्या का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की बी५५० मदरबोर्ड आहे, रायझन ५ ५५०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरची एसएसडीची खाच) नवीन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) लावली, मग सहज जीपीयू-झेड (ग्राफिक कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर बस इंटरफेसच्या रकान्यात शेवटी एक्स ८ ३.० दिसलं, आणि मित्र म्हणाला एसएसडीने ग्राफिक कार्डाचा अर्धा रस्ता खाल्ला, तर आता ती काढू का.

नका काढू. बिचारीने काहीही केलेलं नाहीये. एक्स ८ म्हणजे आठ लेन, लेन म्हणजे डेटा जायचा-यायचा एक रस्ता, आणि ४०६० हे मुळातच आठ लेनचं कार्ड आहे, कितीही महाग बोर्डात लावा, आठच दिसणार. आणि ३.० दिसतंय ते तुमच्या प्रोसेसरमुळे, रायझन ५ ५५०० पीसीआयई (ह्या लेनवाल्या जोडणीचं नाव, ३.० ही तिची पिढी) ३.० च देतो, बोर्ड बी५५० असला तरी. त्याच्या शेजारचा ५६०० घेतला असता तर त्याच स्लॉटमध्ये एक्स ८ ४.० दिसलं असतं. नावात शंभराचा फरक, पण आतली चिप वेगळी. हे दुकानदार सांगत नाहीत, त्यांना माहीत नसतं किंवा त्यांच्याकडे ५५०० चा स्टॉक पडून असतो.

इथेच थांबायला हवं होतं, पण तुमच्या मित्राचं 'एकाने दुसऱ्याचं खाल्लं' वाचून माझ्या डोक्यात जुनी तिडीक गेली, त्यामुळे पुढचं लांबणार आहे, नको असेल तर सोडून द्या.

मी आणि माझा मावसभाऊ (मी त्याला दादाच म्हणते) लालबागला एक छोटी एडिटिंग रूम चालवतो. तो शूट बघतो, मी एडिट. लग्नं, मुंजी, आणि सीझनला गणपती. २०२२ चा गणेशोत्सव हा कोविडनंतरचा पहिला मोकळा, निर्बंध नाहीत काही नाहीत, सगळ्या मंडळांना आगमनाचा व्हिडिओ त्याच रात्री इन्स्टाला हवा होता. परळच्या कार्यशाळेतून मूर्ती निघते तिथपासून चार-चार कॅमेरे, ड्रोन, आणि त्याचं सगळं फुटेज माझ्या मशीनवर. तेव्हा मशीन म्हणजे रायझन ९ ५९००एक्स, बी५५० बोर्ड, एक एनव्हीएमई विंडोजला आणि चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क फुटेजला.

दादा म्हणाला एडिटिंगच्या कॅशसाठी (तात्पुरत्या फाइल्ससाठी) अजून एक एनव्हीएमई घेऊ. मी म्हटलं घे, पण आधी मॅन्युअल बघ, दुसरा एम.२ भरला की काहीतरी बंद पडतं, मला बोर्डाचं पक्कं नाव पाठव, मी पान काढते. त्यावर त्याचं उत्तर जसंच्या तसं: "अगं बोर्ड म्हणजे बोर्ड, कंपनीने स्लॉट दिलाय म्हणजे चालण्यासाठीच दिलाय ना." आणि खाली अंगठा. मी कामात होते, तो येऊन लावून गेला.

रात्री मशीन चालू केलं तर दोन्ही हार्ड डिस्क गायब. विंडोजमध्ये नाहीत, डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाहीत, बायोसमध्ये साटा ५ आणि साटा ६ (हार्ड डिस्कची केबल लागते ते पोर्ट) समोर रिकामं. डिस्कवर हात ठेवला तर फिरतायत, थरथर नीट लागते, म्हणजे करंट जातोय. दादाने पॉवर केबल काढून लावली, फुंकर मारली, डेटा केबल बदलली, परत फुंकर मारली. मग तो घाबरला, कारण त्यात दोन मंडळांचं आगमन होतं आणि बॅकअप घ्यायचा अजून बाकी होता. मी म्हणत होते थांब, मॅन्युअल उघडते, तोवर त्याने डिस्क टॉवेलात गुंडाळल्या, सॅकमध्ये टाकल्या आणि सकाळी दुकानं उघडायच्या आधीच ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाऊन उभा राहिला.

तिथे कुठल्यातरी दुकानात एकाने डिस्क कानाला लावली (जोडली नाही, कानाला लावली!) आणि सांगितलं हेड (डिस्कमधला डेटा वाचणारा भाग) गेलाय, रिकव्हरी करावी लागेल, पाच आकडी खर्च, गॅरंटी नाही. दोन्ही डिस्कचे हेड एकाच रात्री, एकाच मिनिटाला गेले, ह्यावर दादाचा विश्वास बसला. माझ्यावर नाही बसला.

तोपर्यंत मी मॅन्युअलची पीडीएफ उघडून बसले होते. साटाचे पोर्ट दाखवलेल्या पानावर, चित्राच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: एम२_२ स्लॉटमध्ये डिव्हाइस असल्यास साटा ५ आणि ६ बंद राहतील. बास. दादाला फोन केला, म्हटलं पैसे देऊ नकोस, डिस्क घेऊन घरी ये. तो म्हणे दुकानवाला वीस वर्षं ह्या लायनीत आहे. मी म्हटलं असू दे, मॅन्युअल त्याने लिहिलेलं नाही.

आता मजा अशी की बाकीचे चार साटा पोर्ट मोकळे होते, पण ते बोर्डाच्या कडेला आडवे, बरोबर ग्राफिक कार्डाच्या पोटाखाली, तिथे केबलचं डोकं जातच नाही, म्हणून असेंबल करणाऱ्याने सोयीचे ५ आणि ६ वापरलेले. कार्ड काढल्याशिवाय हात पोचत नाही, आणि कार्डाची जी मागची खिट्टी असते ती प्रोसेसरच्या कूलरखाली दडलेली, बोट जात नाही. मी मुलाची सहा इंची पट्टी घालून ती खिट्टी दाबली, कार्ड उपसलं, दोन्ही केबल साटा १ आणि २ मध्ये लावल्या, कार्ड परत बसवलं. चालू केलं. दोन्ही डिस्क हजर, फुटेज जसंच्या तसं. दुपारपर्यंत दोन्ही मंडळांचे व्हिडिओ गेले.

आणि आजही मावशीकडे सत्यनारायण असो की कुणाचा साखरपुडा, दादा हा किस्सा सांगतो आणि शेवट काय करतो माहितीये? "केबल लूज होती, मी काढून लावली." केबल लूज नव्हती!! पोर्टच बंद होता.

तर मुद्द्यावर येते. मदरबोर्डवर वाटणी दोन प्रकारची असते आणि सगळे ह्या दोन्हींची खिचडी करतात.

एक म्हणजे एकतर हे नाहीतर ते. माझ्या डिस्कचं झालं ते हेच. चिपसेटमधून (साटा, यूएसबी वगैरे सांभाळणारी बोर्डावरची चिप) बाहेर येणाऱ्या काही तारा अशा असतात की त्या साटा म्हणून वापरा किंवा पीसीआयई म्हणून, बोर्डवाला दोन्ही ठिकाणी जोडून ठेवतो आणि तुम्ही एक भरलं की दुसरं मरतं. इथे वेग कमी वगैरे होत नाही, सरळ बंद. ग्राफिक कार्डाच्या बाबतीतही असं करतात, फक्त तिथे पूर्ण बंद न करता अर्धं करतात, प्रोसेसरच्या सोळा लेनमधल्या आठ काढून दुसऱ्या स्लॉटला नाहीतर एम.२ ला देतात, मग कार्ड एक्स ८ वर येतं आणि ती एसएसडी चालो न चालो, नुसती तिथे बसलेली असली तरी आठवरच राहतं. तुमचा मित्र जे म्हणतोय ते ह्या बोर्डांवर खरं आहे. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीच्या बऱ्याच महागड्या बोर्डांवर जो जेन ५ चा (म्हणजे पीसीआयई ५.० चा) एम.२ स्लॉट मिरवतात, तो असाच ग्राफिक कार्डाच्या वाट्यातून काढलेला असतो, कारण त्या प्रोसेसरकडे ५.० च्या लेन सोळाच आहेत, वर ४.० च्या चार, संपलं. पैसे जास्त देऊन कार्ड अर्धं करून घ्यायचं. काही बी५५० बोर्डांवरही हा उद्योग आहे, पण बहुतेकांवर नाही, बहुतेकांचा दुसरा एम.२ चिपसेटवर असतो.

दुसरा प्रकार म्हणजे खरी वाटणी, आणि ती चिपसेटच्या मागे असते. जुन्या चाळीत प्रत्येक खोलीला नळ वेगळा पण गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाइप एकच, तसं. बी५५० च्या चिपसेटला साटा लटकलंय, दुसरा एम.२ लटकलाय, लॅन, अर्धे यूएसबी, खालचे छोटे स्लॉट, आणि ह्या सगळ्यांचा मिळून प्रोसेसरकडे जाणारा रस्ता म्हणजे पीसीआयई ३.० च्या चार लेन, साधारण ३.९ जीबी पर सेकंद. एक्स५७० चिपसेटमध्ये तोच रस्ता ४.० चा आहे म्हणजे दुप्पट. इंटेलमध्ये ह्याला डीएमआय म्हणतात, बी६६० ला ४.० च्या चार लेन, झेड६९० ला आठ. ह्या रस्त्यावर एकटं कुणी असेल तर त्याला पूर्ण मिळतो. सगळे एकाच वेळी धावले तरच अडतं, आणि घरी असं क्वचित होतं. हार्ड डिस्क दोनशे-अडीचशे एमबीच्या वर जात नाही, साटा एसएसडी साडेपाचशे, एक गिगाबिट लॅन सव्वाशे. करा बेरीज. रस्ता भरतच नाही.

आणि एक गोष्ट जी यूट्यूबवाले हमखास चुकीची सांगतात: चिपसेटवरच्या एका एसएसडीवरून चिपसेटवरच्याच दुसरीवर कॉपी केलं तर वेग अर्धा होतो म्हणे. नाही होत. डेटा वर रॅमपर्यंत जातो आणि तिथून खाली येतो, आणि पीसीआयईला जाण्याच्या तारा वेगळ्या, येण्याच्या वेगळ्या, दोन्हीकडे एकाच वेळी पूर्ण वेग मिळतो. दोन्ही एसएसडीवरून एकाच वेळी *वाचायला* गेलात तर मात्र एकाच दिशेला गर्दी होते. हेही मी दादाला सांगितलं होतं, कारण त्याचा पुढचा पराक्रम तोच. खालच्या लांब स्लॉटमध्ये ॲडाप्टर कार्ड लावून अजून एक एनव्हीएमई बसवली आणि चिपसेटवरच्या त्या दोघींचं स्ट्राइप केलं (डेटा दोघींवर वाटून एकच डिस्क बनवली), म्हणजे त्याच्या हिशोबाने साडेतीन हजार अधिक साडेतीन हजार बरोबर सात हजार एमबी पर सेकंद. क्रिस्टलडिस्कमार्क (डिस्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) लावलं, आकडा साडेतीन हजाराच्या आसपास येऊन बसला. त्याने ड्रायव्हर टाकले, विंडोज अपडेट केलं, थर्मल पॅड बदलले. मी चहा पीत बघत होते. रस्ताच ३.९ चा आहे, सात कुठून येणार, दोन गाड्या घेतल्या म्हणून गल्ली रुंद होते का? (बरं तो खालचा स्लॉट लांबीला सोळाचा दिसतो पण टॉर्च मारून आत बघा, पिना एक-चतुर्थांश भागातच असतात, बाकी नुसतं प्लास्टिक. हे मी त्याला टॉर्च मारून दाखवलं तेव्हा म्हणाला "पिना तुटल्या असतील".)

ही भीती येते कुठून तेही सांगते. नव्वदीतल्या पीसीआय बसवर खरंच सगळी कार्डं एकाच तारांवर असायची, ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सगळ्यांना मिळून १३३ एमबी पर सेकंद. साउंड कार्ड, लॅन, टीव्ही ट्यूनर सगळे त्यातूनच. तेव्हा एक लावलं की दुसऱ्याला त्रास हे खरं होतं. २००३ ला पीसीआय एक्सप्रेस आलं आणि प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या तारा मिळाल्या. पण त्या काळात मशीन जोडायला शिकलेले लोक अजून तेच ज्ञान वाटतायत, दादा त्यातलाच. आणि गंमत म्हणजे तोच माणूस दुसरीकडे म्हणतो बोर्ड म्हणजे बोर्ड. अरे मग नक्की काय, सगळं सगळ्याचं खातं की कुणी कुणाचं खात नाही?

तुमच्या ४०६० बद्दल थोडं राहिलं. ३.० वर आठ लेन म्हणजे साधारण ७.९ जीबी पर सेकंद, ४.० वर जवळपास १५.८. बहुतेक गेममध्ये फरक थोडासाच, डोळ्याला कळणार नाही. पण कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की टेक्स्चर रॅममधून ओढावे लागतात आणि तेव्हा हाच रस्ता आडवा येतो, गेम मध्येच अडखळतो. तेव्हा प्रोसेसर बदलायच्या आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणा, फुकट आहे. आरएक्स ६५०० एक्सटी आठवतंय का, २०२२ चं? त्याला चारच लेन आणि ४ जीबी, ३.० च्या बोर्डवर लोकांनी डोकं आपटून घेतलं. तुमचं तसं नाहीये.

आणि ती नवीन एसएसडी जर बॉक्सवर ७००० लिहिलेली जेन ४ असेल तर ५५०० वर कुठल्याही स्लॉटमध्ये ती साडेतीन हजाराच्या आसपासच पळणार, पहिला स्लॉट प्रोसेसरवरून ३.० आणि दुसरा चिपसेटवरून ३.०. परत करता येत असेल तर करा आणि स्वस्तातली जेन ३ घ्या, नाहीतर राहू दे, पुढच्या मशीनला होईल. गेम लोड व्हायला ह्याने काडीचा फरक पडत नाही.

अरे हो, हे वर लिहायला हवं होतं: जीपीयू-झेड बघताना कार्ड झोपलेलं असेल तर वीज वाचवायला ते लिंक खाली आणतं, १.१ वगैरे दाखवतं, त्या रकान्याशेजारी प्रश्नचिन्हाचं बटण असतं ते दाबून रेंडर टेस्ट चालू करा, मग जे दिसेल ते खरं. तुम्हाला ३.० दिसलं म्हणजे बहुतेक बरोबरच बघितलंय. आणि एक्स ४ नाहीतर एक्स १ दिसलं असतं तर गोष्ट वेगळी, मग कार्ड नीट बसलेलं नसतं किंवा कोणीतरी ते खालच्या स्लॉटमध्ये लावलेलं असतं. आपल्याकडच्या दमट हवेत कार्डाच्या पट्ट्यांवर थर येतो, खोडरबराने हलक्या हाताने पुसा. हां, म्हणजे कधीकधी दादाचं 'काढून लावलं' चालतं, नाही असं नाही. त्या रात्री नव्हतं, एवढंच.

लॅपटॉपला ह्यातलं काहीच लावू नका, तिथे प्रत्येक कंपनीचा वेगळा कारभार. ज्यांना खरंच दोन ग्राफिक कार्डं, चार एनव्हीएमई आणि दहा गिगाबिटचं नेटवर्क एकत्र पळवायचंय त्यांनी थ्रेडरिपर (एएमडीचा मोठ्या मशीनचा प्रोसेसर) घ्यावं, तिथे लेनची चंगळ आहे, पण किंमत बघून पाणी प्या.

बाकी सगळ्यांना माझं म्हणणं एकच, बोर्ड घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा आणि दोन पानं बघा, एक ब्लॉक डायग्राम, म्हणजे काय कशाला जोडलंय त्याचं चित्र (सगळे देत नाहीत, जे देत नाहीत त्यांचा बोर्ड मी घेत नाही) आणि दुसरं साटा-एम.२ चा तक्ता. आरजीबी किती आहे ते नंतर. दादा आता एएम५ (एएमडीचं नवीन सॉकेट) च्या मागे लागलाय, एक्स६७० बोर्ड घेऊ म्हणतो, त्यात दोन चिपसेट असतात म्हणजे डबल स्पीड. अरे, दुसरी चिप पहिलीच्या मागे जोडलेली असते आणि दोघी मिळून प्रोसेसरकडे त्याच ४.० च्या चार लेनवरून जातात, जास्त पोर्ट मिळतात, रस्ता तेवढाच. सांगून झालंय. त्याचं म्हणणं, एवढ्या मोठ्या कंपनीने उगाच दोन चिपा लावल्या असत्या का? पोर्टांसाठी लावल्यात हो, पोर्टांसाठी!

तुम्ही बोर्डाचं मॉडेल लिहिलेलं नाहीये, नुसतं बी५५०. त्यामुळे तुमच्याकडे साटा पोर्ट किती आणि दुसऱ्या एम.२ मुळे त्यातले कुठले मेले हे मला इथून सांगता येणार नाही. हार्ड डिस्क आहे का आणि असेल तर दिसतेय का, एवढं आधी बघा. मॉडेल खाली टाका, पान नंबर मी काढून देते.